सरकारी वेबसाईट सोपी करायचीय? आधी सेतूच्या बाकावर बसा

सात वर्षं मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या समोरच्या गाळ्यात महा-ई-सेवा केंद्र चालवलं. पाटीवर काहीही लिहा, लोक त्याला सेतूच म्हणतात. आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सरकारी पोर्टल बनण्याआधी आणि बनल्यावर माणसं ते प्रत्यक्षात कसं वापरतात, हे बघून येणं हे माझं काम. कार्डावर 'यूजर रिसर्चर' छापलंय. आईला विचारलं कुणी तर ती सांगते, "आधी फॉर्म भरायची, आता दुसरे भरताना बघत बसते, त्याचाच पगार मिळतो."

आमच्याकडे नवीन आलेली मुलं मला विचारतात की ताई, नक्की करायचं काय? त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण एकच धरते, उत्पन्नाच्या दाखल्याचं. कारण जून महिन्यात महाराष्ट्रातली निम्मी घरं त्याच्या मागे असतात.

निघण्याआधी ऑफिसात मिळेल तेवढं गोळा करा

'रमेश, वय ३५, शेतकरी, स्मार्टफोन आहे' अशी कार्डं करून भिंतीला चिकटवायची पद्धत आहे. तो रमेश मला आजवर कुठे भेटलेला नाही. त्यापेक्षा खात्याकडून गेल्या हंगामात त्रुटीत निघालेले दोनेकशे अर्ज मागा, नाव-नंबर काढून टाकलेले. प्रत्येक अर्जावर कारकुनाने एका ओळीत कारण लिहिलेलं असतं. 'फोटो अस्पष्ट', 'नावात तफावत', 'स्वयंघोषणापत्र जोडले नाही'. हाताने वाचून ढीग लावा. दोन तासांत कळतं की कुठला ढीग सगळ्यात उंच आहे. हेल्पलाईनवर बसणाऱ्या मुलींसोबत एक दुपार घालवा. वेबसाईटवर शोधायची चौकट असेल तर लोकांनी तिथे काय टाईप केलं ते मागून घ्या. त्यात बरंचसं रोमन लिपीतलं मराठी निघेल, आणि तुमचा शोध त्याला शून्य निकाल देत असेल.

आणि झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या फ्लेक्सचा फोटो काढा. 'येथे डोमिसाईल, नॉनक्रिमिलेअर, उत्पन्न, रहिवासी, एलसी झेरॉक्स' असं त्यावर असतं. शासनाच्या कागदावर नॉनक्रिमिलेअरचं नाव 'उन्नत व प्रगत व्यक्ती किंवा गट यात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र' असं आहे. डोमिसाईल म्हणजे 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. ही नावं कायद्याच्या दृष्टीने बरोबर असतील, पण त्या नावाने दाखला मागणारा एकही माणूस माझ्या गाळ्यात आला नाही. झेरॉक्सवाल्याला गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून त्याने गिऱ्हाइकाचा शब्द लावला. तुमच्या मेन्यूत तोच शब्द मोठ्या अक्षरात घ्या आणि शासकीय नाव त्याच्या खाली बारीक ठेवा.

कधी जायचं, कुठे बसायचं

दहावी-बारावीचे निकाल लागले की जा. डिसेंबरात गेलात तर सेतूवाला तुम्हाला चहा पाजून सगळं छान चाललंय असं सांगेल. जूनमध्येही तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवस धरा, कारण खेड्यातला माणूस बाजार आणि कचेरी एकाच खेपेत उरकतो.

तहसीलदारांचं पत्र खिशात असू द्या, पण ते पहिल्या मिनिटाला बाहेर काढू नका. पत्र दिसलं की केंद्रचालकाला वाटतं तपासणी आली. आधी त्याच्याशी नीट बोला: आपण वेबसाईटची तपासणी करतोय, तुमची नाही, कुणाकडून किती पैसे घेता हे मी लिहिणार नाही. हा शब्द पाळा. दर हा वेगळा विषय आहे, त्याची तक्रार करायची वाट वेगळी आहे. त्यात शिरलात तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला खुर्ची मिळत नाही.

बसायचं मात्र लोकांच्या बाकावर. लॅपटॉप गाडीत ठेवा. शंभर पानी वही आणि पेन एवढं पुरतं. पहिला तास काही विचारू नका. कोण कुणाला काय विचारतंय तेवढं ऐका, आणि माणूस जे शब्द बोलला तेच लिहा. "नागरिकास कागदपत्रांविषयी संभ्रम होता" असं वहीत लिहिलंत की ते वाक्य मेलं. "आवं, मागल्या साली हेच्यावरच झालं की काम" असं लिहा.

पिशवी

बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी असते. कापड दुकानाची जाड प्लॅस्टिकची, नाहीतर लग्नात मिळालेली. तिच्यात घरातले सगळे कागद असतात. सगळे, म्हणजे खरंच सगळे. माणूस कुठल्या कामाला कुठला कागद लागतो हे लक्षात ठेवत नाही, तो पिशवीच उचलून आणतो. माझं म्हणणं आहे की संशोधन स्क्रीनपासून सुरू न करता पिशवीपासून करा.

परवानगी घ्या आणि त्यांनाच कागद काढायला सांगा. तुम्ही हात लावू नका. एकदा एका काकांनी माझ्यासमोर बाकावर मांडलेले कागद असे होते: चार आधार, त्यातलं एक मयत वडिलांचं. पिवळं रेशनकार्ड, घडीवर फाटून सेलोटेप लावलेलं. सातबारा आणि आठ-अ, दोन वर्षांपूर्वीचे. मुलीची दहावीची ऑनलाईन गुणपत्रिका, रंगीत झेरॉक्स. सोसायटीची कर्जाची पावती. विजेचं बिल, भावाच्या नावाचं. पासपोर्ट साईजचे तीन फोटो, तिन्ही वेगवेगळ्या वयाचे. आणि एक कोरा स्टॅम्पपेपर, "असू द्या म्हणून".

पोर्टलवर लिहिलं होतं, 'ओळखीचा पुरावा (कोणताही एक)', 'पत्त्याचा पुरावा (कोणताही एक)', 'उत्पन्नाचा पुरावा (कोणताही एक)'. काकांनी विचारलं, "आधार तर एकच हाय माझं. ते ओळखीला लावलं तर पत्त्याला काय लावू?" एकच कागद दोन्हीकडे चालतो हे पोर्टलवर कुठेच नव्हतं. हा प्रश्न मला त्या एका दिवसात सहा जणांनी केला. बदल एका ओळीचा होता: 'आधार कार्ड दोन्ही ठिकाणी चालेल.' ती ओळ सुचायला ऑफिसात सहा महिने मीटिंगा झाल्या असत्या तरी सुचली नसती, कारण तिथे बसलेल्या सगळ्यांकडे पासपोर्ट होता.

पिशवी बघताना तीन गोष्टी टिपा. कुठला कागद शोधायला वेळ लागला. कुठल्या कागदावर नाव वेगळं आहे. आणि कुठला कागद आणायला परत गावाला जावं लागलं. गाव किती लांब, एसटी किती वाजता. तुमच्या दृष्टीने जे 'पुन्हा अपलोड करा' असतं, ते त्याच्यासाठी एक बुडालेला रोजगार असतो.

नावाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण उंच ढीग नेहमी तिथेच असतो. लग्नानंतरचं नाव आधारवर, आधीचं नाव गुणपत्रिकेवर. इंग्रजी स्पेलिंगवरून मशीनने केलेलं मराठी, त्यामुळे 'दगडू'चा 'दगदु'. आता नव्या नियमाने मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. म्हणजे तीन रकान्यांचा फॉर्म चौथं नाव कुठे बसवणार? हे टेबलावर बसून सुटत नाही. दहा पिशव्यांमधली दहा नावं जशीच्या तशी तुमच्या फॉर्ममध्ये भरून बघा. अर्थात ती घरी नेऊ नका, तिथेच भरा, तिथेच पुसा.

जिल्ह्याच्या यादीचंही तसंच. छत्तीस जिल्हे आहेत आणि काहींची नावं अलीकडे बदलली. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. माणसाच्या आधारवर जुनं नाव आहे, म्हणून तो यादीत 'उ' शोधतो. सापडत नाही म्हटल्यावर दुसऱ्याच जिल्ह्यावर बोट ठेवतो. यादीत जुन्या नावानेही शोधता आलं पाहिजे, एवढीच गोष्ट आहे.

स्क्रीनसमोर एकच माणूस नसतो

एक आजी निराधार पेन्शनच्या कामाला आल्या होत्या. अर्ज त्यांचा, टाईप करणारा सेतूचा मुलगा, आणि आधारला जोडलेला मोबाईल नातवाचा. नातू चाकणला कंपनीत. शिफ्टला जाताना फोन लॉकरमध्ये. ओटीपी गेला तो लॉकरमध्ये वाजला असेल. मुलाने तीनदा पाठवला, मग पोर्टलने थोडा वेळ थांबायला सांगितलं. आजी म्हणाल्या, "चार वाजता सुटतो त्यो, तवर बसते मी." साडेचारला ओटीपी आला तेव्हा पोर्टलने लॉगआऊट केलेलं होतं आणि भरलेला फॉर्म उडाला होता.

यात 'यूजर' कोण? तिघंही. आजीला हवं होतं की काम आजच्या खेपेत व्हावं. नातवाला हवं होतं की तो फोन उचलेल तेव्हा कोड चालावा. सेतूच्या मुलाला हवं होतं की अर्धा फॉर्म जपून ठेवून पुढचं गिऱ्हाईक घेता यावं. तिघांच्या गरजा वेगळ्या लिहा. 'वरिष्ठ नागरिकांना ओटीपीची अडचण येते' असं एकत्र लिहिलंत तर आयटीवाले मोठ्या अक्षरांचं बटण करून देतील.

केंद्रचालकांकडे संशोधक हमखास दुर्लक्ष करतात. 'खरा नागरिक' शोधायच्या नादात दिवसाला पन्नास-साठ फॉर्म भरणारा माणूस त्यांना दलाल वाटतो. मी स्वतः तिथे बसलेली असल्याने मला राग येतो, ते सोडा. पण त्याच्या मॉनिटरच्या कडेला बघा. तिथे चिकटवलेल्या चिठ्ठ्या म्हणजे तुमच्या वेबसाईटचं खरं माहितीपुस्तक. माझ्या मॉनिटरवर होत्या त्या अशा: 'नावात टिंब नको.' 'फोटो आधी बारीक करणे.' 'पिन कोड टाकून टॅब दाबू नये, क्लिक करणे.' 'पेमेंट अडकले तर परत करू नये, उद्या बघणे.' प्रत्येक चिठ्ठी म्हणजे कधीतरी परत आलेला एक अर्ज आणि खाल्लेल्या शिव्या. पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या उतरवून घ्या. ज्या पाचही ठिकाणी सारख्या आहेत, त्या दुरुस्त्या पहिल्या.

विचारायचं कसं

"वेबसाईट सोपी वाटली का?" असं विचारू नका. तुम्ही पुण्याहून आलात, हातात वही आहे, कचेरीतले लोक तुमच्याशी बोलतायत. समोरचा म्हणणार, "लई भारी हाय मॅडम." तुमचा अपमान होऊ नये ही त्याची काळजी. "असं असं बटण दिलं तर वापराल का?" यालाही उत्तर हो असंच येतं.

मागच्या वेळचं विचारा. मागचा दाखला कधी काढला? कुणी सांगितलं तो लागतो म्हणून? पहिल्यांदा कुठे गेलात? तिथे काय म्हणाले? मग? हे 'मग?' सगळ्यात कामाचं. मध्ये शांतता पडली तर पडू द्या. आपल्याला शांतता खुपते आणि आपणच उत्तर सुचवून बसतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगांत निम्मा वेळ मीच बोलतेय.

बाईमाणसाशी बोलताना नवरा शेजारी उभा असेल तर उत्तर तो देतो. त्याला चहा सांगायला पाठवा. हसू नका, हे खरंच करावं लागतं.

वापरून बघणं

नवीन फॉर्मचा कच्चा नमुना तयार झाला की तो लोकांच्या हातात द्यायचा. त्यांच्याच मोबाईलवर, तुमच्या नव्या फोनवर नको. फुटलेली काच, भरलेली मेमरी आणि दुपारची मंद रेंज हाही तुमच्या चाचणीचा भाग आहे.

काम सांगताना बटणावरचा शब्द वापरू नका. 'उत्पन्न प्रमाणपत्रासाठी अर्ज करा' असं म्हणालात तर तो तेच शब्द शोधून दाबतो आणि तुम्ही खूश होता. "मुलीच्या कॉलेजने फी माफीसाठी कागद मागितलाय, तो मिळवायचाय" असं सांगा आणि हात मागे बांधून उभे राहा. खरंच बांधा. बोट आपोआप पुढे जातं.

पुस्तकं सांगतात की माणसाला मनातलं मोठ्याने बोलायला लावा. आपल्याकडे एकटा माणूस फोनकडे बघून बोलायला लागला की त्याला स्वतःलाच विचित्र वाटतं. त्यापेक्षा दोघांना एकत्र बसवा. जावा-जावा, बाप-लेक, दोन मैत्रिणी. मग ते तुमच्याशी बोलत नाहीत, एकमेकांशी भांडतात. "अगं ते नको दाबू." "का?" "पैसे कटतील." यातून जे कळतं ते कुठल्या प्रश्नावलीत मिळत नाही. या दोघींना वाटत होतं की हिरवं बटण दाबलं की पैसे जातात, कारण त्यांच्या फोनवरच्या पेमेंट ॲपमध्ये तसं होतं.

किती जण? वेबसाईट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी दिसतात. ते खरं आहे, पण पाच हे एका प्रकारच्या लोकांपैकी. शेतकरी बाप पाच, स्वतः अर्ज करणारे विद्यार्थी पाच, केंद्रचालक पाच. आणि डोळ्यांनी न दिसणारा एक तरी माणूस असायलाच हवा. सरकारी वेबसाईट दिव्यांगांनाही वापरता आली पाहिजे असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि सरकारी वेबसाईटसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही सांगतात, पण कागदावर टिक करणं वेगळं. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज चालू करून त्यांना कॅप्चापर्यंत जाऊ द्या आणि बघा. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ उघडली की तो आवाज गप्प होतो, कारण त्याच्यासाठी ते नुसतं चित्र असतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं परिपत्रक असेल तर तो निरर्थक अक्षरं बडबडतो.

दोन गोष्टी घाईने सांगते पण पाळाच. आधार, बँक पासबुक, ओटीपी यांचे फोटो काढायचे नाहीत. व्हिडिओत फक्त हात आणि स्क्रीन, नंबर झाकून, आणि तोही आधी विचारून. दुसरं, ज्याचा अर्धा दिवस घेतला त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. टोपी आणि पेन देऊन पाठवू नका.

साहेबांना काय दाखवायचं

चाळीस स्लाईड करू नका. एक पान, चार रकाने: काय पाहिलं, किती जणांत पाहिलं, काय बदलायचं, आणि ते कुणाच्या हातात आहे. चौथा रकाना लोक विसरतात. काही गोष्टी आमची कंपनी दुपारी बदलू शकते, काही खात्याच्या पत्राने बदलतात, काहींना शासन निर्णय लागतो. हे वेगळं केलं नाही की सोप्या दुरुस्त्याही अवघड दुरुस्त्यांच्या फायलीत अडकतात. पानासोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ ठेवा. उपजिल्हाधिकारी दर्जाच्या एका अधिकाऱ्यांनी आमचं म्हणणं तीन मीटिंगांत फेटाळलं होतं. मग त्यांनी एका बापाचा अंगठा 'पुढे जा'वर अकरा वेळा पडताना बघितला. दाबलेलं लागत नव्हतं, कारण वर कुठेतरी एक रकाना रिकामा होता आणि तो लाल झालेला स्क्रीनच्या बाहेर गेला होता. "हे मला आधी का नाही दाखवलं?" म्हणाले.

आता शेवटचं, जे अजून सुटलेलं नाही. फॉर्मवर रकाना होता, 'वार्षिक उत्पन्न'. एका शेतकऱ्याने त्यात भरलं '७'. आम्हाला वाटलं सात हजार, सात लाख? विचारलं तर म्हणाला, "एकरी सात क्विंटल. सोयाबीन." त्याच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता, शेतात निघतं त्याला उत्पन्नच म्हणतात. आम्ही रकान्याचं नाव बदलून केलं, 'घरात वर्षाला एकूण किती रुपये येतात? शेती, मजुरी, पगार, पेन्शन सगळं धरून.' पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर बसले. सगळ्यांनी रुपये भरले. मी वही मिटणार तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "खत-बियाण्याचा खर्च काढून सांगू का तसाच?"

कचेरीत जाऊन दोन कारकुनांना विचारलं. एक म्हणाला काढून. दुसरा म्हणाला तसाच. ती ओळ मी चौथ्या रकान्यात 'खातं' असं लिहून पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत फॉर्मवर त्या जागी काहीच लिहिलेलं नाही, आणि सेतूचा मुलगा ज्याला जसं वाटतं तसं भरतोय.